जान्याची माती

पडघ्यात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. नाव सुभाष, पण गिऱ्हाइकं शेट म्हणतात. पोट सोडलं तर शेट म्हणण्यासारखं माझ्यात काही नाही. जान्या मात्र 'शेट' अशा काही सुरात म्हणतो, की तो आदर आहे का शिवी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. आम्ही एकाच वयाचे, अठ्ठावन्नचे. मी कागदावर, तो अंदाजाने.

जान्याचा पाडा डोंगराच्या पोटाशी. पण उमेदीची बावीस वर्षं त्यानं भिवंडीजवळच्या शेलार गावात पावरलूमवर काढली. चार लूम एकटा सांभाळायचा. शेड बंद पडली तेव्हा दोन गोष्टी घेऊन घरी आला. एक बहिरेपणा आणि दुसरी हिंदी. लूमच्या खडखडाटात बावीस वर्षं ओरडून बोलायची सवय, त्यामुळे तो माझ्याकडे गुपित सांगायला आला की समोरच्या हॉटेलातली माणसंसुद्धा माना डोलावतात. आणि हिंदी त्यानं जनावरांसाठी राखून ठेवली आहे. "क्या रे, बाजू हट ना!" म्हटल्याशिवाय त्याच्या शेळ्या हलत नाहीत.

त्याचा वनपट्टा आहे, सरकारनं कसायला दिलेला जंगलाचा तुकडा, अर्ध्या एकराचा. ऐन, साग, खाली करवंदीची जाळी. त्या झाडांच्या सावलीत पावसाळ्याच्या तोंडाला कुळूची भाजी उगवायची. कांद्याच्या पातीसारखी हिरवी लांब पानं, देठ पांढरा. शहरात हिला फोडशी म्हणतात आणि लसणाचा खून पाडून खातात. जान्याची धाकटी बहीण गोदूबाई गणेशपुरीला दिलेली. ती दर वर्षी माहेरी यायची ती या कुळूसाठी. दिवाळीला आली नाही तरी चालेल, पण कुळूला यायचीच. ती जागा त्यांच्या आईनं दोघांना दाखवलेली. कुठली पात खुडायची, कुठली कंदासाठी ठेवायची, सगळं आईचंच.

आणि त्या जागेची माती केली ती जान्यानं. खरं म्हणजे अर्धी मी.

झालं असं, की नऊ वर्षांपूर्वी दुकानात बसून मी शहाणपणा शिकवत होतो. "राखेत पालाश असतं रे, झाडाला चांगली," असं म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढं चुलीतली मूठभर राख. जान्याच्या डोळ्यांपुढं शेलारचा साईझिंगचा कारखाना, जिथं सुताला खळ लावतात आणि बॉयलरमध्ये हाताला लागेल ते जाळतात. तिथली राख फुकट होती. फुकट म्हटल्यावर माणसाला मूठ पुरत नाही. त्यानं तीन टेम्पो आणून पट्ट्यात पसरले. पुढच्या पावसाळ्यात कुळू उगवलीच नाही. जमिनीवर सिमेंटसारखा राखाडी पापुद्रा आला आणि करवंदीसुद्धा आजारी माणसासारखी पिवळी पडली.

गोदूबाई आली, रिकामी टोपली घेऊन पट्ट्यातून बाहेर आली आणि दारातूनच म्हणाली, "आईची जागा जाळलीस तू. आता ह्या जागी कुळू उगवल तवाच तुझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवीन. न्हायतर तू मेल्यावर."

ती तशीच माघारी गेली आणि खरंच आली नाही. जान्यानं दोन वेळा निरोप धाडले, एकदा स्वतः गणेशपुरीला गेला. तिनं ओट्यावर पाणी दिलं, चहा दिला आणि एक अक्षर बोलली नाही. बायको वारली तेव्हा ती आली, पण अंगणातच बसून रडली. उंबरा ओलांडला नाही. त्या खानदानात अक्कल वाटणीला कमी आली असेल, हट्ट मात्र दोघांनाही पुरून उरला.

दोन वर्षांपूर्वी जान्या एका सरकारी शिबिराला जाऊन आला आणि थेट माझ्या दुकानात शिरला.

"शेट, जिनशेंग लावायची हाय!"

"जिनसेंग? ते थंड मुलखातलं. इथं कोण लावतो?"

"अरं, साहेब बोलला. जंगलात लावायची, सफेद मुसळी. देशी जिनशेंग." मग आवाज त्याच्या मते खाली आणून म्हणाला, "पन शेंग कवा लागते, ते मी इचारलं न्हाय. लाज वाटली."

शेंग लागत नाही, कंद लागतात आणि ही मुसळी आपल्या कुळूच्याच गोतातली, हे मी त्याला सांगितलं. त्यानं दोन वेळा कानावर हात धरून ऐकलं. मग तोंडातला पानाचा तोबरा थुंकून आला आणि म्हणाला, "म्हनजे मुसळीला जी माती चालल, ती कुळूला चालल?"

तेव्हा मला कळलं, की याला मुसळीशी काही घेणंदेणं नाही. त्याला गोदूबाई हवी आहे. त्यानं कबूल केलं नाही, मीही विचारलं नाही. पण ते तीन टेम्पो माझ्याही छातीवर होते, म्हणून मी म्हटलं, "आधी माती तपासू."

मी त्याला रीत सांगितली. पट्ट्यात आठ-दहा ठिकाणी वरचा पाचोळा बाजूला करायचा, वीतभर खोल खड्डा घ्यायचा, कडेची माती तासून काढायची. सगळी एकत्र मिसळायची. मग पसरून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यायचे, उरलेल्याचे परत चार. असं करत अर्धा किलो राहिली की सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची. माझ्या दुकानातून ती ठाण्याच्या प्रयोगशाळेत जाते.

आठ दिवसांनी जान्यानं माती आणली. काय माती होती! काळीभोर, भुसभुशीत, चाळून घेतलेली. मी वास घेतला तर अक्षरशः भूक लागली. महिन्याभरानं अहवाल आला तो पहिल्या नंबरचा. काहीच घालायची गरज नाही. जान्यानं मुसळीचे कंद लावले. श्रावण संपेपर्यंत निम्मे कुजले, निम्मे पिवळे होऊन बसले.

मग मी स्वतः पट्ट्यात गेलो. फावडं मारलं तर खाली तोच राखाडी थर, वाजणारा. मी विचारलं, "जान्या, ती माती कुठली होती?"

तो इकडंतिकडं बघायला लागला. शेवटी बोलला. थोडी देवाच्या उंबराखालची, थोडी वारुळाची, थोडी शेजारच्या महादूच्या उकिरड्यातली. आणि वर चिडला माझ्यावरच.

"आता परीक्षा हाय बोललास तू. पोरगी बघायला पाव्हणे आले, तर तिला शेनाच्या हातानं उभी करतात काय? चांगलं नेसवून काढायचं का न्हाय?"

मी त्याला असा झापला, की त्याला बहिऱ्या कानानं स्वच्छ ऐकू गेलं. पण मनात म्हटलं, चूक कसली, जान्यानं शेजाऱ्याची पोरगी नटवून दाखवली, मीच पसंत करून बसलो.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून खरी माती काढली. अहवाल आला. मी वाचून दाखवला, "तुझा सामू साडेआठ आहे. फार जास्त."

"सामू?" जान्या म्हणाला. "आमच्या पाड्यात सामू एकच हाय. तो तर वाळून काडी झालाय."

सामू म्हणजे माती आंबट का खारट याचं माप, सातच्या आसपास बरं, हे समजावताना माझा घसा बसला. बसल्या घशानंच औषध सांगितलं. वरचा राखेचा पापुद्रा खरवडून बाहेर काढायचा. कुजलेला पाचोळा आणि जुनं शेणखत मिसळायचं. थोडं गंधक, मापानं. पाणी साचू नये म्हणून उंच गादीवाफे. आणि एक अख्खा पावसाळा काही न लावता जमिनीला गप्प पडू द्यायचं.

जान्यानं ते केलं. आख्खा हिवाळा तो घमेल्यानं राख डोक्यावरून उतरवत होता. तीन टेम्पोंतून आलेली राख एका माणसाच्या डोक्यावरून परत जायला किती दिवस लागतात, याचं गणित मी मुद्दाम केलं नाही. जंगलातून पाचोळा आणून खड्ड्यात कुजवला. अंगाला गंधकाचा एवढा वास यायचा, की पाड्यात बोलवा झाली, जान्या फटाके करतो. सूनबाई सुवर्णानं त्याचे कपडे वेगळे भिजवायला सुरुवात केली. ती भिवंडी शहरातली, शाळा शिकलेली. ही सुवर्णाच पुढच्या सगळ्याला कारण झाली, पण बिचारीचा दोष काही नाही. दोष असलाच तर मराठी भाषेचा.

यंदाच्या मे महिन्यात माती पुन्हा तपासायची ठरली. त्या सकाळी गोदूबाईच्या मुलाचा, नामाचा फोन आला. हळदीचं आमंत्रण होतं. फोन सुवर्णानं उचलला.

"मामा हाय का?" नामानं विचारलं.

"नाहीत हो. मामांची माती आहे ना आज."

आता भिवंडीत माणूस गेला की 'मयत' म्हणतात. खेडोपाडी म्हणतात 'माती'. माती किती वाजता, मातीला कोण कोण होतं. सुवर्णाला हे कुठं माहीत?

नामाचा आवाज बसला. "आज? किती वाजता?"

"दहाला. पडघ्याला सुभाषशेटच्या दुकानात ठेवणार. तिथून ठाण्याला नेणार, तपासायला."

नामाला वाटलं, हायवेवर अपघात झाला, पोलिसांचं लफडं आहे. त्यानं काही विचारायच्या आत सुवर्णाच्या मोबाइलची बॅटरी मेली. त्या दिवशी मेलं ते एवढंच.

पावणेदहाला जान्या पिशवी माझ्या टेबलावर ठेवून समोरच्या हॉटेलात वडापाव खायला गेला. मी चष्मा नाकावर घेऊन चिठ्ठी लिहीत होतो. नाव, गाव, पट्ट्याचा नंबर. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. चार-पाच माणसं उतरली. मी मान वर केली नाही. लिहिताना मी मान वर करत नाही, खाडाखोड होते.

एक बाई रडक्या आवाजात म्हणाली, "शेट, जान्याची माती हितंच हाय नं?"

"इथंच. वेळेवर आलात."

"कुठं ठेवलाव?"

मी पेनानं पिशवी दाखवली. "ही काय."

मग ती म्हणाली, "येवढीच?"

"अर्धा किलो पुरते. बाकीची टाकून दिली."

"टाकली?"

"मग? चार भाग करायचे, दोन टाकायचे. उरलेल्याचे परत चार. तशी रीतच आहे. उद्या ठाण्याला पाठवतो, तिथं यात काय कमी आहे ते सांगतील."

बाईनं जो हंबरडा फोडला, त्यानं माझ्या हातातलं पेन पडलं. "त्याच्यात अक्कल कमी व्हती, ते मीच सांगते! पन माझा दादा व्हता वं! मी नऊ वर्सं त्याच्याशी बोलली न्हाय वं!"

मी मान वर केली. गोदूबाई खाली बसून पिशवीला कवटाळून रडत होती. मागं नामा, त्याच्या हातात पांढऱ्या कापडाची घडी. दोन म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून उभ्या. माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता. तेवढ्यात जान्या रस्ता ओलांडून आला. एका हातात अर्धा वडापाव.

"गोदू?"

तिनं वर बघितलं. त्याच्याकडं, वडापावाकडं, परत त्याच्याकडं. नामानं हातातलं कापड खाली टाकलं. एका म्हातारीनं हात जोडले. मी ओरडलो, "अहो, जमिनीची माती! तपासायची माती!" पण गोदूबाई ऐकायच्या पलीकडं गेली होती. तिनं पिशवी उचलली आणि जान्याच्या पाठीत हाणली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी पिशवीची शिवण उसवली आणि नमुना माझ्या दुकानभर झाला.

"मर! मर! आमाला फुकट रडवतंस!" ती म्हणत होती आणि रडत होती, आणि मारतामारताच तिनं त्याच्या दंडाला धरलं ते सोडलं नाही. जान्या मार खाताना हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वडापाव त्यानं तेवढ्यातही पडू दिला नव्हता. मला भरून आलं. मी गंधकाच्या पोत्याकडं तोंड करून उभा राहिलो, म्हणजे कुणी विचारलं तर डोळ्यांत गंधक गेलं असं सांगता येईल.

सगळं निवळल्यावर जान्यानं खाली पडलेलं कापड उचललं. बोटांत धरून उजेडाकडं केलं. बावीस वर्षं लूमवर काढलेला माणूस, कापड बघितल्याशिवाय राहील कसा?

"गोदू, हे आनलंस माझ्यावर घालायला? किती इरळ हाय. ह्यातनं मी दिसलो असतो."

"चिंधी मिळाली ते नशीब समज."

"बरं, आता आलीच हायस तर घरी चल."

"न्हाय." तिनं डोळे पुसले. "मेला असतास तर आली असते. जिता हायस. कुळू उगवली का?"

जान्यानं सांडलेल्या मातीकडं बघितलं.

गोदूबाईनं दुकानातली सांडलेली माती दोन्ही ओंजळींनी गोळा केली. वास घेतला. चिमूटभर जिभेवर ठेवली, चव घेतली, बाहेर जाऊन थुंकली.

"राख गेली हाय ह्यातली," ती म्हणाली.

"मंग उगवल बोलतेस?" जान्यानं विचारलं. दोन वर्षं माझे अहवाल ऐकताना त्याचा चेहरा असा कधी झाला नव्हता.

"मला काय इचारतंस. जमिनीला इचार."

माती तिनं नव्या पिशवीत भरून माझ्यापुढं ठेवली, सगळ्यांनी हॉटेलात चहा घेतला आणि ती माणसं अकराच्या एसटीनं परत गेली. ठाण्याचा अहवाल पुढं आला, सामू सव्वासात. मी तर म्हणतो जिभेवरच्या चिमटीत आणि त्यात फार फरक नव्हता. जान्यानं पलीकडच्या डोंगरातून कुळूचे कंद आणून वाफ्यांत लावले, आणि पाऊस सुरू झाल्यापासून रोज सकाळी जाऊन बघत बसला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी माझ्या दुकानासमोर एसटी थांबली आणि गोदूबाई एकटी उतरली. मी हाक मारणार, तोच ती प्लास्टिकखाली रानभाज्या घेऊन बसलेल्या बाईकडं गेली. वाकून बघितलं. कुळूच्या दोन जुड्या घेतल्या. वरचा दोरा सोडून टाकला, पानं मोकळी केली आणि पिशवीत लुगड्याच्या घडीखाली लपवली. मान वळवली तर मी.

ती सरळ दुकानात आली. "शेट, काय बघितलंस?"

"मी कुठं काय बघतो? मी लिहीत होतो."

"मंग दुपारला जेवायला ये पाड्यात."

मी गेलो. गोदूबाई आधी अंगणात न थांबता पिशवीसकट पट्ट्यात गेली होती, एकटीच. कुणाला बरोबर येऊ दिलं नव्हतं. अर्ध्या तासानं पदरात हिरवी पानं घेऊन बाहेर आली आणि पाड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "उगवली गं बाय! आईची कुळू उगवली!" आणि जान्याच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला. सुवर्णानं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

भाजी झाली. कांदा आणि हरभऱ्याची डाळ घातलेली, तिच्या आईची रीत. जान्यानं तीन भाकरी खाल्ल्या. प्रत्येक घासाला "आपल्या मातीची चवच येगळी" म्हणत होता. गोदूबाई वाढत होती आणि माझ्याकडं अजिबात बघत नव्हती. मीही पानातून मान वर केली नाही. माझ्या तोंडाला कुलूप घालायला तिला काही सांगावं लागलं नाही.

जेवण झाल्यावर जान्या मला सडकेपर्यंत सोडायला आला. पट्ट्याच्या कडेनं वाट जाते. आम्ही वाफ्यांजवळ आलो तेव्हा तो थांबला. काळी, ओली, भुसभुशीत माती. तिच्यावर एक पान नव्हतं.

"शेट," तो म्हणाला, "सकाळी येऊन बघून गेलो. एकपन कोंब आला न्हाय अजून. पुढल्या साली यील, जमीन चांगली झाली हाय." मग पाड्याकडं बघितलं, आपली कुणी चाहूल घेतंय का ते पाहिलं. "गोदूला बोलू नको. न्हायतर ती उठून जाईल."

मी म्हटलं, "मला कुठं काय दिसतं."